मातीच्या फिल्टरची चाचणी: आधी वरचे पाणी तपासा

नागपुरात उन्हाळा लागला की माठ घेणारा प्रत्येक जण माठावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहतो. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का आणि बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा, एवढे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. मातीच्या फिल्टरची पहिली चाचणीही हीच आहे. मात्र बहुतेक नवख्यांची चाचणी तिथेच संपते. खालच्या भांड्यात नितळ पाणी साचले आणि त्याला मातीचा छान वास आला, की फिल्टर उत्तम असल्याचा निर्वाळा दिला जातो. नितळपणावरून फक्त गाळ अडल्याचे कळते. जंतू अडले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

हा लेख बचत गट, शाळा, ग्रामपंचायत किंवा महाविद्यालयीन प्रकल्पाच्या निमित्ताने स्वस्त मातीचे फिल्टर पहिल्यांदाच तपासणाऱ्यांसाठी लिहिला आहे. महागडी उपकरणे नसतानाही घरी किंवा समाजमंदिरात किती तपासता येते आणि कोणत्या टप्प्यावर प्रयोगशाळेची पायरी चढावी लागते, हे त्यात क्रमाने मांडले आहे.

फिल्टर काय करतो आणि काय करत नाही

घरोघरी दिसणारा स्टीलचा कँडल फिल्टर आणि कुंडीच्या आकाराचा मातीचा फिल्टर या दोन्हींचे तत्त्व एकच आहे. कुंडी फिल्टरसाठी बारीक चाळलेल्या मातीत लाकडाचा भुसा किंवा धानाचे तूस मिसळून साच्यात दाबतात आणि साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे उरते. छिद्रे साधारण १ मायक्रॉनच्या आसपास असावीत, अशी अपेक्षा असते. भाजल्यानंतर बहुधा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रावण लावतात, जेणेकरून अडकलेले जंतू तिथेच वाढू नयेत. हा प्रकार १९८१ मध्ये ग्वाटेमालात फर्नांडो माझारिएगोस यांनी विकसित केला आणि १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर 'पॉटर्स फॉर पीस' या संस्थेमार्फत तो निकाराग्वातून अनेक देशांत गेला. स्थानिक कुंभाराला तो करता येतो, हे त्याचे बळ आहे. प्रत्येक कुंभाराची माती, भुसा आणि भट्टी वेगळी असते, हीच त्याची अडचणही आहे. म्हणून एका गावातल्या फिल्टरचा अहवाल दुसऱ्या गावातल्या फिल्टरला लावता येत नाही.

चांगला मातीचा फिल्टर गाळ, अतिसाराचे बहुतेक जिवाणू आणि जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी अडवतो. विषाणू त्याहून कितीतरी लहान असल्यामुळे त्यांच्या बाबतीत तो कमी पडतो. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांना तर तो हातही लावत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे आणि विदर्भातल्या अनेक उथळ विहिरींत नायट्रेट आढळते. अशा पाण्यासाठी हा फिल्टर उपायच नव्हे. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटला ४५ मिलिग्रॅमच्या वर कोणतीही सवलत नाही. तेव्हा विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची रासायनिक तपासणी आधी एकदा करून घ्यावी. तिथेच गाडी अडली तर पुढची सारी मेहनत वाया जाईल.

येथे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या मीटरबद्दल थोडे सांगणे भाग आहे. फिल्टरच्या वरच्या (न गाळलेल्या) आणि खालच्या (गाळलेल्या) पाण्याचा टीडीएस जवळजवळ सारखाच येतो आणि तो तसाच यायला हवा, कारण क्षार तर गाळलेच जात नाहीत. तरीही 'आकडा कमी झाला नाही' म्हणून चांगला फिल्टर नाकारलेला मी पाहिला आहे. पाण्यात दोन सळ्या बुडवून ते तपकिरी करून दाखवणाऱ्या विक्रेत्यांचा प्रयोगही असाच फसवा असतो. तो रंग मुख्यतः सळईच्या लोखंडाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नव्हे. ज्या शहरात १९५८ पासून नीरीसारखी राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था उभी आहे, त्या शहरात टीडीएस मीटरला जंतुमापक समजले जावे, ही गंमतच म्हणायची.

पहिली पायरी: कोरड्या आणि ओल्या साध्या चाचण्या

फिल्टर उजेडात धरून आतून-बाहेरून पाहावा. काठाजवळ केसासारखी बारीक रेघ दिसते का, तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे खड्डा आहे का, हे बघून मग टकटक करावी.

त्यानंतर फिल्टर रात्रभर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा. सकाळी ओल्या कुंडीचे तोंड खाली करून ती मोठ्या टबात सरळ दाबावी. आत कोंडलेल्या हवेवर दाब येतो आणि भिंतीत कुठे तडा असेल तर त्या ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ निघते. कँडल असेल तर ती ओली करून पाण्याखाली धरावी आणि खालच्या नळीला छोटी रबरी नळी लावून हलकेच फुंकावे. बहुतेक वेळा बुडबुडे मातीतून नव्हे, तर माती आणि प्लास्टिकची टोपी यांच्या सांध्यातून येतात. अशी कँडल सरळ बाजूला काढावी.

या चाचणीची मर्यादाही ओळखली पाहिजे. बारीक छिद्रातले पाणी फुंकरीच्या दाबाने हटत नाही, त्यामुळे बुडबुडे आले तर फिल्टर नक्की वाईट असतो, पण बुडबुडे आले नाहीत म्हणून तो चांगला ठरत नाही.

पुढची चाचणी वेगाची आहे. भिजलेला फिल्टर काठोकाठ भरावा आणि पहिल्या एका तासात किती पाणी गळते ते मोजमापाच्या भांड्यात मोजावे. काठोकाठ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण वरची पाण्याची उंची कमी झाली की वेगही घटतो आणि अर्ध्या भरलेल्या फिल्टरचा आकडा कशाशीच ताडून पाहता येत नाही. कुंडी फिल्टरसाठी तासाला साधारण १ ते २.५ लिटर हा वेग ठीक मानतात. त्याहून बराच जास्त वेग आला तर खूश होऊ नये. भुसा जाड होता किंवा कुठे भेग आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. १ लिटरच्या खाली वेग असेल तर फिल्टर जंतूंच्या दृष्टीने कदाचित चांगला असेलही, पण मे महिन्यात पाचजणांच्या घराला तो पुरणार नाही आणि तहानलेला माणूस सरळ गुंडातले, म्हणजे हंड्यातले न गाळलेले पाणी पिऊन टाकील.

दुसरी पायरी: परीक्षेला योग्य पाणी

सर्वाधिक चुका इथे होतात. शहरातल्या नळाला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून येते. हे पाणी फिल्टरमध्ये ओतले आणि खालच्या पाण्यात जंतू आढळले नाहीत, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही, कारण जंतू वरच्या पाण्यातही नव्हते. परीक्षार्थीला कोरी प्रश्नपत्रिका देऊन पैकीच्या पैकी गुण देण्यासारखे ते आहे. मी पाहिलेल्या अनेक प्रकल्प-अहवालांत 'शंभर टक्के शुद्ध' हा निष्कर्ष नेमका असाच काढलेला होता आणि त्यांत वरच्या पाण्याचा रकानाच नव्हता.

म्हणून आधी वरचे पाणी तपासावे. त्यात क्लोरीन आहे का, हे गावात जलसुरक्षक वापरतो त्या ओटी चाचणीने पाहता येते. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. (हे पाणी नंतर पिऊ नये, फेकून द्यावे.) विहिरीत नुकतीच टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकली असेल तर पाणी काही दिवस चाचणीच्या कामाचे नाही. ओटीला रंग येत नाही अशी, प्रत्यक्ष वापरातली उघडी विहीर किंवा हातपंप चाचणीसाठी निवडावा, कारण शेवटी फिल्टर त्याच पाण्यावर चालणार आहे. नाग नदीसारखे सांडपाणी मिसळलेले पाणी मुद्दाम आणून ओतण्याचा उत्साह टाळावा. ते हाताळणे धोक्याचे आहे आणि त्या फिल्टरचे पाणी पुन्हा कोणी पिऊ शकणार नाही.

पावसाळ्यातले पाणी गढूळ असेल तर दोन लिटरची पारदर्शक बाटली भरून वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यावर उभी ठेवावी आणि वरून पाहावे. अक्षरे वाचता आली नाहीत तर गढूळपणा सुमारे ३० एनटीयूच्या (गढूळपणाचे एकक) वर आहे. असे पाणी आधी निवळू द्यावे, हवे तर तुरटी फिरवावी आणि दुहेरी कापडातून गाळून मगच ओतावे. एरवी छिद्रे दोन-तीन दिवसांत बुजतात.

फिल्टरमधून या पाण्याच्या दोन पूर्ण फेऱ्या काढून टाकाव्यात. ओल्या मातीच्या भिंतीत जुने पाणी बरेच मुरलेले असते आणि ते निघून गेल्याशिवाय वरच्या-खालच्या पाण्याची तुलना खरी ठरत नाही. नव्या फिल्टरचे पहिल्या दोन-तीन दिवसांचे पाणी तसेही मातीच्या वासाचे असते. चाचणी पूर्ण होईपर्यंत ते कोणीही पिऊ नये.

तिसरी पायरी: तीन ठिकाणचे नमुने

वर आणि खाली असे दोन नमुने पुरे, असे सुरुवातीला मलाही वाटत होते. पहिल्याच खेपेला खालच्या पाण्यात वरच्यापेक्षा जास्त जंतू निघाले. आम्ही कुंभाराला दोष देऊन मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी कुंडीखाली उकळलेले पातेले ठेवून थेट ठिबकणारे पाणी धरले, तर ते जवळजवळ निर्दोष आले. दोष प्लास्टिकच्या तोटीचा होता. तोटी उघडून पाहिली तेव्हा वॉशरच्या मागे हिरवट, बुळबुळीत थर बसलेला होता आणि तो ब्रशने दोनदा घासूनही पुरता निघाला नाही. तेव्हापासून आम्ही तीन नमुने घेतो: वरच्या भांड्यातले पाणी, फिल्टरच्या तळाशी ठिबकणारे पाणी आणि तोटीतून येणारे पाणी. पहिल्या दोघांतला फरक माती काय करते ते सांगतो आणि शेवटच्या दोघांतला फरक घरातली स्वच्छता सांगतो.

नमुना घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. तोटीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, थोडे पाणी वाहू द्यावे आणि मग बाटली भरावी. निर्जंतुक बाटलीचे झाकण उघडल्यावर ते खाली ठेवू नये आणि बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लगेच लिहावी, कारण तीन सारख्या बाटल्या हातात आल्या की स्मरणशक्ती दगा देतेच. यांच्याबरोबर चौथी बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची भरावी. त्या बाटलीतही जंतू निघाले तर चूक आपल्या हातांची आहे आणि त्या दिवसाचे सगळे निकाल बाद धरावेत.

चौथी पायरी: काळी पडणारी बाटली आणि मोजणी

घरच्या घरी करता येणारी जंतूंची चाचणी म्हणजे एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. बाटलीत औषध शोषलेला कागदाचा तुकडा असतो. खुणेपर्यंत पाणी भरून, झाकण लावून ती २४ ते ४८ तास ठेवायची. विष्ठेशी संबंधित जंतू असतील तर आधी कागदाच्या कडेला काळपट डाग पडतो, मग तो पसरतो आणि सगळे पाणी शाईसारखे होते.

बाटली साधारण ३० ते ३७ अंशांच्या उबेत राहिली पाहिजे. नागपुरात डिसेंबरच्या रात्री ती उघड्यावर ठेवली तर जंतू गारठून वाढतच नाहीत आणि निकाल खोटा 'चांगला' येतो. थंडीत पुठ्ठ्याच्या खोक्यात कमी वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि एक थर्मामीटर ठेवून काम भागते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, उलटी काळजी घ्यावी लागते, आणि वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीऐवजी कूलरच्या खोलीतला कोपरा बरा.

नेहमीच्या बाटलीत सुमारे २० मिलिलिटर पाणी मावते. आयएस १०५०० चा निकष मात्र १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) अजिबात आढळू नये, असा आहे. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या पाच बाटल्या भराव्यात, म्हणजे १०० मिलिलिटर पूर्ण होतात आणि नुसत्या 'आहे-नाही'च्या पलीकडे जाऊन अंदाजे संख्याही मिळते. पाचांपैकी एकही काळी झाली नाही तर १०० मिलिलिटरमध्ये १.१ पेक्षा कमी, एक झाली तर १.१, दोन झाल्या तर २.६, तीन झाल्या तर ४.६, चार झाल्या तर ८ आणि पाचही झाल्या तर ८ पेक्षा जास्त, असा हिशोब आहे. वरच्या पाण्याच्या पाचही बाटल्या हमखास काळ्या होतील. त्यासाठी १ मिलिलिटर नमुन्यात ९९ मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी मिसळावे, त्या पाच बाटल्या लावाव्यात आणि आलेला आकडा १०० ने गुणावा.

उदाहरणार्थ, विरळ केलेल्या वरच्या पाण्याच्या तीन बाटल्या काळ्या झाल्या, म्हणजे ४.६ गुणिले १००, अर्थात ४६०. ठिबकलेल्या पाण्याची एक झाली, म्हणजे १.१. याचा अर्थ फिल्टरने सुमारे ९९.७६ टक्के जंतू अडवले. हा आकडा ऐकायला भारी वाटतो, तरी मानकाच्या दृष्टीने पाणी अजून नापास आहे, कारण एक बाटली काळी झालीच. टक्केवारी फिल्टरची गुणवत्ता सांगते, पाणी पिण्यायोग्य आहे की नाही ते सांगत नाही, आणि अहवालात दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या पाहिजेत. याच्या उलट बाजूही पाहा. वर १०० मिलिलिटरमध्ये ४६ च जंतू असतील आणि खाली एकही बाटली काळी झाली नाही, तर आपल्याला फार तर 'सुमारे ९७ टक्क्यांहून अधिक' एवढेच म्हणता येते. ९९.९ टक्के म्हणण्याचा अधिकार वरच्या पाण्यात तेवढे जंतू असतील तरच मिळतो. जागतिक आरोग्य संघटना घरगुती शुद्धीकरण साधनांना तारे देते. तिच्या दोन ताऱ्यांच्या पातळीला जिवाणू ९९ टक्के आणि विषाणू ९९.९ टक्के अडले पाहिजेत. जिवाणूंची अट चांगला मातीचा फिल्टर पार करू शकतो, पण विषाणूंच्या अटीवर तो बहुधा अडतो.

काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधकाचे जंतू किंवा सल्फाइड असते आणि त्यामुळेही बाटली काळी होते. सडलेल्या अंड्यासारखा वास असलेल्या पाण्यावर ही चाचणी लावू नये. निकाल वाचून झाला की बाटल्यांत ब्लिचिंग पावडरचे दाट द्रावण ओतून अर्धा तास ठेवावे आणि मग संडासात रिकाम्या कराव्यात. त्या बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नयेत.

पाचवी पायरी: प्रयोगशाळा

फिल्टर विकायचा किंवा वाटायचा असेल तर एचटूएसवर थांबता येत नाही. नागपुरात शासनाची प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत. खासगी असेल तर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता पाहून घ्यावी. जंतूंच्या तपासणीसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी, नमुना बर्फाच्या खोक्यातून न्यावा आणि शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावा. शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी सकाळी तो देण्यात अर्थ नाही. 'ई-कोलायची संख्या हवी आहे आणि दोन्ही नमुने एकाच फिल्टरच्या वरचे व खालचे आहेत' असे लेखी द्यावे, म्हणजे वरचा नमुना विरळ करून मोजला जातो.

एकदा पास म्हणजे कायम पास नव्हे

नवा फिल्टर पहिल्या आठवड्यात सहसा चांगलेच निकाल देतो. खरी परीक्षा महिनाभराच्या वापरानंतर, वेग मंदावल्यावर आणि घासल्यानंतर होते. वेग निम्म्यावर आला की मऊ ब्रशने, फक्त पाण्याने आतली बाजू घासावी. मातीला साबण लावू नये, खालचे भांडे आणि तोटी मात्र साबणाने धुवावी. घासताना फिल्टर मळक्या ओट्यावर टेकवला की बाहेरची, म्हणजे गाळलेल्या पाण्याची बाजू दूषित होते, म्हणून तो धुतलेल्या ताटावर ठेवावा. घासल्यानंतर पुन्हा वेग मोजावा. तो मूळच्या वेगापेक्षा जास्त आला तर तडा गेला असण्याची शक्यता धरून बुडबुड्यांची चाचणी पुन्हा करावी. फुटणे हा या फिल्टरचा सर्वांत मोठा शत्रू आहे. कंबोडियातल्या पाहणीत दर महिन्याला सुमारे २ टक्के घरांतला वापर थांबत होता आणि त्याचे मुख्य कारण फुटणे हेच होते.

चाचणीचे वेळापत्रक ऋतूंना धरून ठेवावे. एक फेरी मे महिन्यात, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना, आणि दुसरी जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर आठवडाभरात, कारण वाहून आलेली घाण विहिरीत उतरते तेव्हाच अतिसाराचे रुग्ण वाढतात. दोन्ही फेऱ्यांसाठी एकच वही वापरावी आणि तिच्यात तारीख, पाण्याचा स्रोत, ओटीचा निकाल, पहिल्या तासाचा वेग, तिन्ही नमुन्यांच्या काळ्या झालेल्या बाटल्यांची संख्या यांच्या पुढे एक शेवटचा रकाना आखावा: तोटी शेवटची कोणी आणि कधी उघडून धुतली.